कुरळे केस आणि कोकमाचं तेल

आधी एक काम करा. तुमचा एक गळलेला केस शोधा. कंगव्यात सापडेल, नाहीतर उशीवर सापडेल. तो पांढऱ्या कागदावर ठेवा आणि नीट बघा. तो रेघेसारखा सरळ पडला आहे? घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेतो आहे? की स्प्रिंगसारखा गुंडाळला आहे?

सरळ असेल तर हा पाठ तुमच्या मैत्रिणीसाठी किंवा भावासाठी वाचा. वळणं असतील तर हा पाठ तुमच्यासाठीच लिहिला आहे. आणि मुलग्यांनो, तुम्ही पण वाचा. कुरळे केस फक्त मुलींनाच असतात असं कुणी सांगितलं?

आता माझ्याबद्दल थोडंसं. मी दर रविवारी तुमच्यासारख्या मुलांना मराठी शिकवते. सोमवार ते शुक्रवार मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. राहते इंग्लंडमध्ये, रेडिंग नावाच्या गावात. वाढले मात्र कोकणात, चिपळूणला. पहिली ते दहावी मराठी शाळेत शिकले. माझे केस कुरळे आहेत, जाड आहेत आणि कोरडे आहेत. पस्तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राहते आहे, त्यामुळे आमची चांगली ओळख आहे.

'वाईट' केस म्हणजे काय?

मागच्या वर्षी वर्गात 'माझं वर्णन' हा विषय दिला होता. बारा वर्षांच्या एका मुलीने लिहिलं, "माझे डोळे काळे आहेत. मी उंच आहे. माझे केस वाईट आहेत."

व्याकरण अगदी बरोबर. लिंग बरोबर, वचन बरोबर. मी तिला विचारलं, "वाईट म्हणजे कसे गं?" ती म्हणाली, "म्हणजे असे!" आणि तिने दोन्ही हात डोक्याभोवती मोठा गोल करून दाखवले.

तिला मराठीत दुसरा शब्दच माहीत नव्हता. तो तिला कुणी दिला नव्हता. म्हणून आधी शब्द बघू. मराठीत केसांसाठी खूप शब्द आहेत.

'कुरळे' म्हणजे वळणं असलेले. हा शब्द चांगला पण नाही आणि वाईट पण नाही. तो फक्त आकार सांगतो. 'राठ' म्हणजे हाताला खरखरीत लागणारे, मऊ नसलेले. 'भुरभुरीत' म्हणजे कोरडे, हलके, वाऱ्याने उडणारे. 'पिंजारलेले' हा माझा आवडता शब्द. पूर्वी गादीसाठी कापूस पिंजायचे. म्हणजे दाबून बसलेला कापूस मोकळा करून फुलवायचे. तसे फुललेले केस म्हणजे पिंजारलेले केस. आणि 'गुंता' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रोज सकाळी शाळेत जाताना भेटतोच.

एक शब्द मला आवडत नाही. तो म्हणजे 'झिपऱ्या'. न विंचरलेल्या, तोंडावर आलेल्या केसांना झिपऱ्या म्हणतात. आमच्या शाळेत दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी हा नियम होता. सरळ केसांच्या मुली पाच मिनिटांत तयार व्हायच्या. माझ्या वेण्यांतून मात्र प्रार्थना संपेपर्यंत केस बाहेर यायचे. मग एक बाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "झिपऱ्या आवर!" मी रोज विंचरून, रोज तेल लावून शाळेत जात होते. ते केस न विंचरलेले नव्हते, ते कुरळे होते. हा फरक मला तेव्हा त्या बाईंना सांगता आला नाही. आता तुम्हाला सांगते.

पुढे मी मोठी झाले, नोकरीला लागले, घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं. तेव्हा नात्यातल्या एका काकूंनी सुचवलं, "पाहुणे यायच्या आधी पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घे हो." लग्न ठरवायला मुलगा आणि त्याच्या घरचे पहिल्यांदा येतात, त्या भेटीला मराठीत गमतीने 'कांदेपोहे' म्हणतात, कारण पाहुण्यांना बहुतेक तेच देतात. मी केस सरळ केले नाहीत. पोहे मात्र छान झाले होते.

म्हणजे बघा, शाळा, लग्न, ऑफिस. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपल्या केसांना काहीतरी व्हायला सांगतं. पण केसांना नक्की काय हवं असतं? त्यासाठी केसाच्या आत डोकावू.

केसाचं छप्पर

कोकणातली जुनी घरं कौलारू असतात. कौल म्हणजे भाजलेल्या मातीचा तुकडा. छपरावर एक कौल दुसऱ्या कौलावर थोडं चढवून ठेवतात. त्यामुळे पाऊस घरात येत नाही.

केसाच्या बाहेरच्या थरावरही अशीच बारीक कौलं असतात. त्या थराला क्युटिकल म्हणतात. कौलं नीट मिटलेली असली की केस गुळगुळीत लागतो आणि चमकतो. ती उचकटली की केस राठ लागतो, एका केसात दुसरा केस अडकतो आणि आतलं पाणी बाहेर निघून जातं.

आता कुरळ्या केसांचं काय? आपल्या टाळूतून थोडं तेल आपोआप येत असतं. सरळ केसावरून ते सहज खाली उतरतं. कुरळ्या केसावर मात्र वळणं असतात, त्यामुळे ते टोकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कुरळ्या केसांची टोकं लवकर कोरडी होतात. आणि जिथे वळण असतं तिथे कौलं थोडी जास्त उघडी राहतात.

त्यात भर म्हणजे आपण कुठे राहतो! चिपळूणला हवा दमट असते. तिथे माझे केस फुलायचे, पण कोरडे पडायचे नाहीत. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात घरात हीटिंग चालू असतं. त्याने हवा कोरडी होते. लंडन आणि रेडिंगकडचं पाणी जड आहे. म्हणजे त्यात कॅल्शियमसारखे क्षार खूप असतात. किटलीत जो पांढरा थर जमतो ना, तो याच क्षारांचा. तेच क्षार केसांवरही बसतात. तुम्ही दुबईत असाल तर तुमच्याकडे एसी असतो, तो पण हवा कोरडीच करतो. देश वेगळे, केसांची तक्रार एकच.

पाणी अडवा, पाणी जिरवा

मी शाळेत असताना आमच्या गावाजवळच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. ही महाराष्ट्रातली एक प्रसिद्ध घोषणा आहे. अर्थ असा, की पावसाचं पाणी डोंगरावरून नुसतं वाहून जाऊ देऊ नका. बांध घाला, पाणी थांबवा, ते जमिनीत मुरू द्या.

केसांचं अगदी तेच आहे. फक्त क्रम उलटा. आधी जिरवायचं, मग अडवायचं.

केसांना मऊपणा पाण्याने येतो. तेल किंवा बटर पाणी देत नाही. ते पाण्याला बांध घालतं. म्हणून कोरड्या ठणठणीत केसांवर कितीही बटर चोपडलं तरी उपयोग नाही. केस फक्त तेलकट दिसतील. आधी केस ओले हवेत, मग त्यावर पातळसा थर. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर अर्धा पाठ समजला असं समजा.

बटर म्हणजे लोणी का?

बटर म्हणजे लोणी. पण इथे दुधाचं लोणी नाही बरं का! ते केसांना लावू नका. काही झाडांच्या बियांमध्ये असं तेल असतं जे थंडीत घट्ट होतं. त्याला इंग्रजीत बटर म्हणतात. मराठीत आपण त्याला सरळ 'शिया बटर' वगैरेच म्हणतो. अशा चार बटरांची ओळख करून देते.

पहिलं शिया बटर. शियाचं झाड पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात वाढतं. 'शिया' हे नाव तिकडच्या बंबारा भाषेतल्या शब्दावरून आलं आहे. झाडाला फळं यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. फळाच्या आतल्या बिया उकळतात, वाळवतात, फोडतात, भाजतात आणि दळतात. मग त्या लगद्यात पाणी घालून तो हाताने खूप वेळ फेटतात. फेटता फेटता पांढरट लोणी वर येतं. हे सगळं काम मुख्यतः बायका करतात. म्हणून तिथे शियाला 'बायकांचं सोनं' असंही म्हणतात.

दुसरं कोको बटर. चॉकलेट ज्या बियांपासून होतं त्याच बियांमधलं हे बटर. ते साधारण ३४ ते ३८ अंश सेल्सिअसला वितळतं. तुमच्या तोंडात जवळजवळ तेवढंच तापमान असतं. म्हणूनच चॉकलेट हातात घट्ट असतं आणि जिभेवर विरघळतं. केसांना लावलं तर दिवसभर चॉकलेटचा वास येतो. मी एकदा लावून ऑफिसला गेले होते. शेजारचा सहकारी दोनदा विचारून गेला, "कुणी केक आणला आहे का?"

तिसरं आंब्याच्या कोयीचं बटर. कोय म्हणजे आंब्याच्या आतली मोठी बी. आपण आंबा खातो आणि कोय फेकून देतो. तिच्या आतल्या गरात असं घट्ट होणारं तेल असतं.

आणि चौथं, माझ्या घरचं. कोकमाचं.

रातांब्याची बी

आमटीत आंबटपणासाठी टाकतात ती काळपट जांभळी आमसुलं तुम्ही पाहिली असतील. ती कोकमाच्या फळाची वाळवलेली साल. कोकमाचं झाड पश्चिम घाटात आणि कोकणात वाढतं. त्याच्या लाल फळाला आम्ही रातांबा म्हणतो.

मे महिन्यात आजीच्या अंगणात रातांबे फोडायचं काम चालायचं. आमचे सगळ्यांचे हात लाल. साली एका बाजूला, बिया एका बाजूला. सालींची आमसुलं व्हायची, रसाचं सरबत व्हायचं. बिया वाळवून डब्यात ठेवायच्या. पुढे सवड मिळाली की आजी बिया फोडून आतला गर कुटायची. मग मोठ्या पातेल्यात पाणी घालून तो उकळायची. तेल वर तरंगायचं. ते पळीने काढून गार झालं की घट्ट व्हायचं. त्याचे ती हाताने अंड्याएवढे गोळे वळायची. पिवळट पांढरे, मेणबत्तीसारखे टणक.

थंडीत टाचांना भेगा पडल्या की आजी तो गोळा चुलीजवळ धरायची. जरा मऊ झाला की टाचेवर घासायची. ओठ फुटले तरी तेच. केसांना मात्र ती खोबरेलच लावायची.

इथे भाषेतली एक गंमत बघा. खोबऱ्याचं तेल म्हणजे खोबरेल. एरंडाचं तेल म्हणजे एरंडेल. गोव्यात आणि दक्षिण कोकणात कोकमाला भिरंड म्हणतात. मग भिरंडाचं तेल म्हणजे काय? बरोबर ओळखलंत, भिरंडेल! इतकं टणक असूनही आपल्या लोकांनी त्याला लोणी म्हटलं नाही, तेलच म्हटलं.

आजी गेली, पातेलं गेलं, बिया कुटणारं घरात कुणी उरलं नाही. मी इंग्लंडला आले तेव्हा माझ्या बॅगेत मसाला होता, आमसुलं होती, पण कोकमाचा गोळा नव्हता. त्याची मला आठवणसुद्धा झाली नाही.

आठवण करून दिली ती एका घानाच्या बाईंनी. लंडनमध्ये पेकहॅम नावाचा भाग आहे. तिथे पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांची बरीच दुकानं आहेत. एका ओळखीच्या मुलीने सांगितलं म्हणून मी तिथे शिया बटर घ्यायला गेले. दुकानातल्या बाईंनी माझ्या केसांकडे बघितलं. 'अरे बापरे' असा चेहरा केला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "शेवटचं पाणी कधी दिलंस यांना?" जणू माझे केस म्हणजे कुंडीतली तुळस!

मग त्यांनी वाटाण्याएवढं बटर माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चोळ. वितळलं की मग लाव. आणि कमीच लाव." त्यांची आई घानाच्या उत्तरेकडच्या गावात बिया दळून, फेटून बटर करायची, ते त्या सांगत होत्या. ऐकता ऐकता मला आजीचं पातेलं दिसायला लागलं. मी म्हटलं, "आमच्याकडेही असं करतात. दुसऱ्या झाडाचं." त्यांनी नाव विचारलं. मी म्हटलं, "भिरंडेल." त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. त्यांना तो माझ्या काही मराठी मित्रमैत्रिणींपेक्षा चांगला जमला.

तुम्हाला आणखी एक आश्चर्याची गोष्ट सांगते. युरोपमध्ये २००० साली चॉकलेटबद्दल एक नियम झाला. चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय दुसरी वनस्पतीची चरबी ५ टक्क्यांपर्यंत घालता येते, पण ती ठरलेल्या सहा प्रकारांपैकीच हवी. त्या सहांच्या यादीत शिया आहे, आंब्याची कोय आहे आणि आपलं कोकमही आहे. आजीच्या टाचेचं औषध चॉकलेटच्या यादीत!

माझा प्रयोग

मी टेस्टर आहे. कुणी म्हणालं 'हे चांगलं आहे' की माझा पहिला प्रश्न असतो, 'कशावरून?' म्हणून मागच्या हिवाळ्यात मी प्रयोग केला. टेस्टिंगचा एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

मी डोक्याचे दोन भाग केले. मधून भांग. दोन्ही बाजूंना तोच शाम्पू, तोच कंडिशनर, तोच कंगवा. डाव्या बाजूला बटर, उजव्या बाजूला काहीच नाही. आठ आठवडे दर रविवारी गुंता सोडवायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवलं.

शेवटी शेवटी डावी बाजू पाचेक मिनिटांत सुटायची. उजवीला आठ-नऊ मिनिटं लागायची. डावीकडे कंगव्यात तुटलेले छोटे तुकडे कमी असायचे. पण डावीकडचे केस जास्त वाढले का? नाही. दाट झाले का? नाही. ते सरळ झाले का? अजिबात नाही, आणि मला तसं नकोही होतं. हा एका डोक्यावरचा प्रयोग आहे, हे विसरू नका. तुमचं डोकं वेगळं.

मग आजीच्या खोबरेलचं काय? त्याचाही अभ्यास झाला आहे. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना, विंचरताना केसातलं प्रोटीन थोडं थोडं निघून जातं. तिघांपैकी फक्त खोबरेलने ते प्रमाण कमी झालं, कारण खोबरेल केसाच्या आत शिरू शकतं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही तुम्हाला माहीत असू द्या. कुठलीही माहिती वाचताना 'हे कोण सांगतंय?' असं विचारायची सवय लावा. तरी न्हायच्या आधी तेल लावायची आजीची पद्धत वेडी नव्हती, एवढं नक्की.

म्हणून मी दोन्ही करते. न्हायच्या आधी खोबरेल, न्हाल्यावर बटर.

करायचं कसं?

साहित्य: शिया बटर २ चमचे, कोकम बटर १ चमचा, खोबरेल १ चमचा.

एका काचेच्या वाटीत सगळं घ्या. एका पातेल्यात पाणी गरम करा आणि वाटी त्या पाण्यात ठेवा. वाटी थेट गॅसवर ठेवायची नाही. घरातलं मोठं माणूस जवळ असू द्या. सगळं वितळलं की ढवळा आणि लगेच फ्रीजमध्ये गार करा. शिया हळूहळू गार झालं तर ते रवाळ होतं, म्हणजे रव्यासारखे कण लागतात. ते वाईट नसतं, फक्त हाताला बरं वाटत नाही. कोरड्या, स्वच्छ डबीत भरून ठेवा. डबीत ओलं बोट घालू नका. खवट वास आला तर टाकून द्या.

तीन वस्तू का? कारण प्रत्येकीचं वितळायचं तापमान वेगळं आहे. खोबरेल साधारण २४ अंशाला वितळतं. म्हणून इंग्लंडच्या हिवाळ्यात ते बाटलीत दगड होतं आणि दुबईच्या उन्हाळ्यात पाणी. कोकम बटर ३८ अंशाच्याही वर वितळतं. ते एकटं तळहातावर नीट वितळत नाही, मग केसांत पांढरे कण दिसतात. शिया या दोघांच्या मधलं. तुम्ही गरम देशात राहत असाल तर कोकम थोडं वाढवा. थंड देशात खोबरेल वाढवा.

लावायची पद्धत अशी. केस धुऊन झाले की टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती टी-शर्टने हलकेच दाबून पाणी टिपा. केस ओलसर असतानाच वाटाण्याएवढं बटर तळहातांवर चोळून वितळवा. आधी टोकांना लावा, मग मधल्या भागाला. टाळूला लावू नका. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर विंचरत या. म्हणजे आधी टोकांचा गुंता, मग त्याच्या वरचा. आणि मग केसांना त्यांच्या मनासारखं वाळू द्या.

आठवड्यातून एकदा पुरे. केस बारीक आणि मऊ असतील तर हरभऱ्याएवढंच घ्या, नाहीतर ते चिकटून बसतील.

हे मात्र सांभाळा

डोक्यात कोंडा असेल तर टाळूपासून बटर लांब ठेवा. आपल्या सगळ्यांच्या टाळूवर एक सूक्ष्म बुरशी असते आणि तिला तेलकटपणा आवडतो. कोंडा वाढत असेल, खाज येत असेल किंवा केस झुपक्याने गळत असतील तर बटर हा त्यावरचा उपाय नाही. डॉक्टरांकडे जा.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबा. लाल झालं, खाजलं तर वापरू नका. शिया हे एका झाडाचं नट आहे. तुम्हाला नटची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

भांडी धुताना बटर सिंकमध्ये ओतू नका. पाइपमध्ये जाऊन ते घट्ट होतं. कागदाने पुसून कचऱ्यात टाका. आणि तेलकट कपडे गरम पाण्यात साबणाने नीट धुतल्याशिवाय ड्रायरमध्ये घालू नका, त्यांना आग लागू शकते.

आणि एक गोष्ट

तुमच्यापैकी कुणाला केस सरळ करावेसे वाटतील. ते तुमचे केस आहेत, तुम्ही आणि तुमच्या घरचे ठरवा. एवढंच सांगते, की पार्लरमधल्या केस सरळ करायच्या काही औषधांतून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो आणि तो डोळ्यांना, श्वासाला चांगला नसतो. त्यामुळे आधी विचारा, आत काय आहे ते वाचा.

पण सरळ करायचे असतील तर ते तुम्हाला आवडतात म्हणून करा. कुणीतरी 'वाईट' म्हटलं म्हणून करू नका. कुरळे केस ही दुरुस्त करायची गोष्ट नाही. त्यांना थोडं जास्त पाणी लागतं, थोडा बांध लागतो आणि रविवारची पंधरा मिनिटं लागतात. माझ्या आजीकडे त्यासाठी एक गोळा होता, पेकहॅमच्या त्या बाईंच्या आईकडे दुसरा होता. तुमच्या घरातही कुणाकडे तरी काहीतरी होतं. ते लोक आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.

वाचून झाल्यावर

१. कुरळ्या केसांची टोकं लवकर कोरडी का होतात? तुमच्या शब्दांत सांगा.

२. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेचा केसांशी काय संबंध आहे?

३. खोबरेल, एरंडेल, भिरंडेल या शब्दांची फोड करा.

४. लेखिकेने प्रयोगात दोन्ही बाजूंना एकच शाम्पू का वापरला?

५. आजी, आजोबा, आत्या, मामा यांच्यापैकी कुणालाही फोन करा आणि मराठीत विचारा, "तुमच्या लहानपणी केसांना काय लावायचे?" त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहून आणा. त्यांनी वापरलेला, तुम्हाला नवीन असलेला एक तरी शब्द त्यात हवा.